जळालेला पूल : पाडायचा, सरळ करायचा की खाली भराव टाकायचा?

पुलांचा इतिहास म्हटलं की आपल्यासमोर पूल बांधणारे लोक येतात. कोणी आराखडा केला, किती वर्षं लागली, फीत कोणी कापली. हे सगळं कोनशिलेवर कोरलेलं असतं. पण पूल मोडल्यानंतर जे दोन-चार दिवस येतात, त्यांची कोनशिला कुठेच नसते. धूर अजून निघत असतो, रस्ता बंद असतो, लाखभर गाड्या गल्लीबोळातून वाट शोधत असतात, आणि पुलाखाली हेल्मेट घातलेली काही माणसं वर बघत उभी असतात. त्यांना ठरवायचं असतं की या पुलाचं आता काय करायचं. आज आपण त्या ठरवण्याचा इतिहास बघणार आहोत.

सुरुवात दोन तारखांपासून करू. ११ जून २०२३, रविवार. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराच्या ईशान्य भागात, इंटरस्टेट ९५ या महामार्गाच्या पुलाखाली पेट्रोलचा टँकर उलटला आणि पेटला. चालक गेला. वरचा पूल कोसळला. आणि १३ जून २०२३, मंगळवार. दोनच दिवसांनी, आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर, खंडाळ्याजवळ कुणे पुलावर ज्वलनशील रसायनाचा टँकर उलटला आणि पेटला. जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं. चार माणसं गेली, त्यांत खालच्या रस्त्यानं जाणारेही होते. आपला पूल मात्र उभा राहिला आणि काही तासांत वाहतूक सुरू झाली.

आता या दोन घटना शेजारी ठेवून बघा. तिकडे आग पुलाच्या खाली होती, इकडे वर. आग वरच्या दिशेनं जाते, हे आपल्याला चुलीपासून ठाऊक आहे. पुलाच्या वर आग लागली तर बरीचशी उष्णता आकाशात जाते. खाली लागली तर पूल हा त्या आगीवरचा तवा होतो. म्हणून तिकडे पूल पडला. इकडे पूल वाचला, पण माणसं गेली. पूल वाचला म्हणजे सगळं निभावलं असं नसतं, हे आधीच सांगून ठेवतो. शेवटी आपण याच्याकडे परत येणार आहोत.

पोलाद वितळत नाही, थकतं

पुढे जाण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ. वर्तमानपत्रांत छापून येतं, 'पूल वितळला'. पोलाद वितळायला १५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. पण पूल पडायला वितळावं लागतच नाही. साधारण ६०० अंशांच्या सुमाराला बांधकामाच्या पोलादाची ताकद निम्म्यावर येते. अंगावरचं ओझं तेवढंच, अंगातलं बळ निम्मं. मग गर्डर झोळीसारखा खाली लोंबतो आणि टेकूवरून निसटतो.

गंमत अशी की आग विझल्यावर ही ताकद बरीचशी परत येऊ शकते. वाकलेला गर्डर वाकलेलाच राहतो, पण त्याचं पोलाद निकामी झालेलं असेलच असं नाही. आणि उलटही होतं. बाहेरून सरळ दिसणारा भाग आतून बिघडलेला असू शकतो. म्हणजे जळालेल्या पुलासमोर उभं राहून नुसत्या डोळ्यांनी निर्णय करता येत नाही. साक्षीदार शोधावे लागतात. रंग कुठपर्यंत जळलाय आणि कुठे नुसता काळवंडलाय? काँक्रीट कुठे गुलाबी पडलंय? कारण ३०० अंशांच्या पुढे बऱ्याच काँक्रीटचा रंग तसा होतो. मग पोलादाचे तुकडे कापून प्रयोगशाळेत पाठवायचे, कठीणपणा मोजायचा. हा एक प्रकारचा पंचनामाच आहे, आणि तो होईपर्यंत लोक हॉर्न वाजवत असतात.

ओकलंड, २००७ : एका अपघाताचे दोन निकाल

आता कॅलिफोर्नियात जाऊ. सॅन फ्रान्सिस्कोचा बे ब्रिज ओलांडून पूर्वेला ओकलंडकडे उतरलं की तीन महामार्ग, ८०, ५८० आणि ८८०, एकमेकांवरून आणि खालून जातात. त्या गुंत्याला 'मॅकआर्थर मेझ' म्हणतात. मेझ म्हणजे भुलभुलैया, आणि नाव अगदी योग्य आहे.

२९ एप्रिल २००७, रविवार, पहाटे पावणेचारच्या सुमाराला तिथल्या खालच्या रस्त्यावर पेट्रोलचा टँकर उलटला. टँकरमध्ये ८६०० गॅलन, म्हणजे साधारण साडेबत्तीस हजार लिटर पेट्रोल होतं. चालक भाजला, पण वाचला. डोक्यावरून जाणाऱ्या ५८० च्या जोडरस्त्याचे दोन गाळे तापून लोंबले आणि खालच्या ८८० च्या जोडरस्त्यावर कोसळले. पहाटेची वेळ होती म्हणून कोणाचा जीव गेला नाही.

आता तुम्ही त्या जागी आहात असं समजा. वरचा रस्ता तर पडलाच आहे, तो नवा बांधावा लागणार, त्यात निवड नाही. खरा प्रश्न खालच्या रस्त्याचा. त्याच्यावर आग पेटली, आणि वर शेकडो टनांचा सांगाडा येऊन पडला. कोणीही म्हणेल, पाडा तो. पण तिथल्या राज्य परिवहन खात्यानं, कॅलट्रान्सनं, तसं केलं नाही. वरचा मलबा उचलला, खालच्या गर्डरांना टेकू दिले, पोलादाची तपासणी केली, आणि ते वाकलेले गर्डर जागच्या जागी सरळ केले.

कसे? उष्णता देऊन. उष्णतेनं वाकलेलं उष्णतेनंच सरळ करायचं. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवताना लोहार काय करतो, ते आठवा. धाव तापवतो, ती फुगते, चाकावर बसवतो, पाणी मारतो, की ती आकसते आणि लाकूड आवळून धरते. गर्डर सरळ करण्यामागे हेच आकसणं आहे. गर्डरवर ठरावीक ठिकाणी, ठरावीक आकारात ज्योत फिरवायची. तेवढाच भाग तापतो, पण आजूबाजूचं थंड पोलाद त्याला फुगू देत नाही. मग थंड होताना तो आकसतो आणि गर्डरला आपल्याकडे ओढून घेतो. असं पुन्हा पुन्हा, थोडं थोडं. यात घाई चालत नाही, आणि ठरावीक मर्यादेपलीकडे तापवलं तर पोलाद बिघडतं. कारागिरीचं काम आहे ते.

अपघातानंतर आठव्या दिवशी, ७ मेला, खालचा रस्ता सुरू झाला. वरचा मेला, खालचा वाचला, आणि हे एकाच आगीत. 'पूल जळाला' या दोन शब्दांवरून दुरुस्ती ठरत नाही, हे ओकलंडनं दाखवलं.

साडेआठ लाखांचं टेंडर

वरच्या रस्त्याची गोष्ट निराळीच आहे. तिथे काय करायचं हे ठरलेलं होतं, कसं आणि किती दिवसांत, हा प्रश्न होता. राज्याचा अंदाज होता की हा गुंता बंद राहिल्यानं त्या भागाचं दिवसाला सुमारे ६० लाख डॉलरचं नुकसान होतं. कामाचा सरकारी अंदाज होता साधारण ५२ लाख डॉलर. टेंडरची अट अशी : २७ जूनच्या आधी जितके दिवस रस्ता खुला कराल, त्या प्रत्येक दिवसाला दोन लाख डॉलर बक्षीस, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत. आणि उशीर झाला तर दिवसाला तेवढाच दंड.

सर्वांत कमी बोली आली सी. सी. मायर्स या ठेकेदार कंपनीची. ८ लाख ६७ हजार ७५ डॉलर! खर्चाच्या पाव भागही नाही. हा ठेकेदार खुळा होता का? मुळीच नाही. तो कामाच्या पैशावर जगणारच नव्हता, बक्षिसावर जगणार होता. त्याला आधीचा अनुभव होता. जानेवारी १९९४ मध्ये लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजचा भूकंप झाला, सांता मोनिका फ्रीवेचे पूल पडले, तेव्हा याच कंपनीनं मुदतीच्या ७४ दिवस आधी, ६६ दिवसांत काम पुरं केलं होतं. तिथेही दिवसाला दोन लाखच होते, बक्षीस झालं १ कोटी ४८ लाख डॉलर.

ओकलंडला २४ मेच्या रात्री वरचा रस्ता खुला झाला. अपघातापासून २६ दिवस. पूर्ण ५० लाख बक्षीस. हिशेब मांडून बघा : राज्यानं एकूण दिले साधारण ५९ लाख डॉलर, म्हणजे एका दिवसाच्या अंदाजित नुकसानापेक्षाही कमी.

इथे आमच्या मनात एक शंका येते, आणि तुमच्याही आली असेल. बक्षिसासाठी धावणारा माणूस वेल्डिंग नीट करेल का? शंका रास्त आहे. बक्षिसाची पद्धत तिथेच चालते, जिथे तपासणारा ठेकेदाराइतकाच जागा असतो. ठेकेदार रात्रपाळी करतो तर तपासनीसाचीही रात्रपाळी हवी. आपल्याकडे बक्षिसाची कलमं उचलणं सोपं आहे, तपासनीसाची रात्रपाळी उचलणं अवघड आहे. पहिलं घेतलं आणि दुसरं सोडलं, तर जो पूल मिळेल त्यावरून आम्ही तरी जाणार नाही.

व्हील दरी, २००४ : दरी बुजवता येत नाही

याच्या तीन वर्षं आधी जर्मनीत. कोलोनपासून पूर्वेला ओल्पेकडे जाणारा ए-४ हा ऑटोबान व्हील नदीची दरी ओलांडतो, सुमारे ७०० मीटर लांबीच्या उंच पोलादी पुलावरून. २६ ऑगस्ट २००४ ला पावसात एक मोटार घसरली आणि टँकरला धडकली. मोटार चालवणाऱ्याकडे परवाना नव्हता. टँकर कठडा तोडून खाली पडला आणि पेटला. टँकरचालक गेला. यातही सुमारे ३२ ते ३३ हजार लिटर इंधन होतं. आकडा लक्षात आला का? ओकलंडला साडेबत्तीस हजार, फिलाडेल्फियाला ८५०० गॅलन, म्हणजे बत्तीस हजारांच्या थोडं वर, आणि इथे तेवढंच. एका टँकरचं पोट साधारण तेवढंच असतं. तीन पूल, तीन देशांच्या नव्हे तर तीन शहरांच्या तीन कथा, पण ओझं एकच. निकाल मात्र तीन वेगळे.

व्हीलचा पूल पडला नाही. पण ज्वाळांनी त्याचा पोलादी पृष्ठभाग खालून भाजून निघाला आणि सुरकुत्या पडल्या. ओकलंडसारखे सुटे गर्डर इथे नव्हते. इथे रस्त्याचा पृष्ठभाग हाच पोलादी पेटीचा वरचा पत्रा, खाली बारीक फासळ्या, सगळं एकजीव. एक भाग बिघडला तर शेजारच्या भागाला त्याचा ताण कळतो. अख्खा पूल नवा बांधणं हा एक मार्ग होता, पण त्याला वर्षं लागली असती. दुसरा मार्ग, आहे तिथे ठिगळ लावून चालवत राहणं. जर्मन अभियंत्यांनी दोन टप्पे केले. आधी तात्पुरती दुरुस्ती करून २००४ च्या शरद ऋतूत बंधनं घालून वाहतूक सुरू केली. मग २००६ च्या उन्हाळ्यात रस्ता बंद करून, पुलाच्या पूर्ण रुंदीचा, साधारण २० मीटर लांबीचा बिघडलेला तुकडा उभ्या पुलातून कापून काढला आणि तयार केलेला नवा तुकडा तिथे वेल्ड करून बसवला. कपड्याला रफू करतात तसं नाही, फाटका भाग कापून नवं कापड जोडावं तसं. दोन वर्षं त्यांनी आराखड्याला दिली, आणि रस्ता बंद ठेवला तो फक्त प्रत्यक्ष कामापुरता.

खर्च सगळा मिळून तीन कोटी युरोच्या आसपास. आता तुम्ही इंटरनेटवर 'जगातले सर्वांत महागडे अपघात' अशा याद्या बघितल्या असतील. त्यांत या अपघाताचा खर्च पस्तीस कोटी डॉलरच्या वर लिहिलेला असतो. ही तफावत कुठून आली? त्या यादीत अख्खा पूल बदलण्याचा खर्च धरलेला असतो, आणि तो पूल तेव्हा बदललाच गेला नाही. म्हणजे त्या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, ती एका निर्णयाची किंमत आहे. दुरुस्ती कशी करायची हा प्रश्न किती मोठा असतो, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला सापडलेलं नाही.

फिलाडेल्फिया, २०२३ : पुलाऐवजी टेकाड

आता पुन्हा फिलाडेल्फिया. रोज सुमारे १ लाख ६० हजार गाड्यांचा हा रस्ता. उत्तरेकडे जाणारा भाग कोसळला होता, दक्षिणेकडचा उभा होता, पण भाजलेला. राज्यपाल जॉश शापिरो यांनी पहिल्या दिवशी सांगितलं की काही महिने लागतील. लोकांनीही ते धरूनच चाललं होतं.

दक्षिणेकडचा भाग वाचवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही. तोही पाडला. ओकलंडच्या उलट निर्णय. कारण आगीच्या उष्णतेनं तोही वाहतुकीला भरवशाचा राहिला नव्हता. मग गर्डर मागवायचे का? त्याला वेळ. तेव्हा कोणीतरी साधा प्रश्न विचारला, जो आपल्याकडे एखाद्या गावच्या मुकादमानंही विचारला असता : खाली आहे काय? खाली होता शहरातल्या रस्त्याला उतरणारा रॅम्प, फार उंचीचा नाही. मग पूलच कशाला? खड्डा भरून काढू!

पण मातीनं भरला तर माती जड, ती बसायला वेळ लागतो. म्हणून काचेचा भराव टाकला. टाकाऊ बाटल्या आणि बरण्यांची पूड करून भट्टीत फुगवलेली, जाळीदार, पमिस दगडासारखी हलकी खडी. जवळच एडिस्टोनला ती तयार होत होती. सुमारे दोन हजार टन लागली. दोन्ही बाजूंना आधार, मध्ये काचेची खडी, वर डांबर. पाऊस आला तेव्हा मोटार शर्यतीच्या पोकोनो ट्रॅकवरचं, जेट इंजिनानं रस्ता सुकवणारं यंत्र आणून काम चालू ठेवलं. २३ जूनला, बाराव्या दिवशी, दोन्ही दिशांना तीन-तीन लेन सुरू. कामाचं चित्रण चोवीस तास इंटरनेटवर दाखवलं जात होतं, आणि लोक ते क्रिकेटच्या सामन्यासारखं बघत होते.

हे टेकाड कायमचं नव्हतं, हे महत्त्वाचं. मधल्या भरावावरून वाहतूक चालू ठेवायची, दोन्ही बाजूंना पक्का पूल बांधायचा, गाड्या तिकडे वळवायच्या, मग मधला भराव काढून मधला पूल पुरा करायचा, असं आधीच ठरलं होतं. तात्पुरतं काम करताना त्यातून बाहेर कसं पडायचं हे ज्याला ठाऊक असतं, त्याचंच तात्पुरतं काम तात्पुरतं राहतं. नाहीतर आपल्याकडे 'तात्पुरता' म्हणून टाकलेला पाइपांचा पूल दहा-दहा पावसाळे काढतो, हे आपण सगळे बघतो.

हाच मार्ग व्हीलला चालला असता का? नाही, दरी कोण बुजवणार. ओकलंडला? तिथे खालूनच दुसरा महामार्ग जात होता. म्हणजे उत्तम पद्धत अशी काही नसते. पुलाखाली काय आहे, पोलाद काय सांगतंय आणि लोक किती दिवस थांबू शकतात, या तीन प्रश्नांची उत्तरं जुळतील तीच पद्धत.

आणि जिथे आठ वर्षं लागली

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल की आम्ही वेगाची आरती करतोय. म्हणून आता शेवटची गोष्ट, आणि ती मॅकआर्थर मेझपासून अगदी जवळचीच.

१७ ऑक्टोबर १९८९ ला लोमा प्रीएटाचा भूकंप झाला. ८८० महामार्गाचा दुमजली सायप्रस उड्डाणपूल कोसळला, वरचा मजला खालच्यावर. ४२ माणसं गेली. हा उड्डाणपूल १९५७ मध्ये पश्चिम ओकलंड या वस्तीच्या मधून काढला होता. वस्ती मुख्यतः कृष्णवर्णीय लोकांची. रस्त्यानं तिचे दोन तुकडे झाले होते. पूल पडल्यावर सगळ्यांत सोपं काय होतं? होता तिथेच, होता तसाच, पण मजबूत बांधा. पण वस्तीतले लोक म्हणाले, नाही. पूल पुन्हा आमच्या छातीवर नको. बैठका झाल्या, वाद झाले, खर्च वाढला. शेवटी रस्ता वस्तीच्या कडेनं, रेल्वेच्या यार्डाकडून वळवला आणि १९९७ मध्ये खुला झाला. जुन्या जागी आज मंडेला पार्कवे आहे, झाडं आणि चालायची वाट असलेला.

एकाच परिसरात एक दुरुस्ती २६ दिवसांची, दुसरी आठ वर्षांची. पहिली चांगली आणि दुसरी वाईट, असं म्हणता येईल का? आम्हाला तसं वाटत नाही. २००७ मध्ये प्रश्न अभियंत्यांचा होता, तो २६ दिवसांत सुटला. १९८९ मध्ये प्रश्न हा होता की पूल मुळात तिथे असावा का, आणि हा प्रश्न अभियंत्याच्या एकट्याच्या अधिकारातला नाही. पूल पडतो तेव्हा थोड्या काळासाठी तो प्रश्न पुन्हा मोकळा होतो. घाईत जसाच्या तसा बांधला की ते दार बंद होतं.

आपल्याकडे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या गेल्या, माणसं गेली. शेजारी दुसरा पूल होता म्हणून महामार्ग चालू राहिला, आणि नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. हा वेग कौतुकाचाच आहे, आणि तो आपल्याला जमतो हेही त्यातून दिसलं. पण त्या रात्री प्रश्न वेगाचा नव्हताच. तो जुना पूल पावसाळ्यात चालू ठेवायचा की नाही, हा निर्णय आधीच्या कुठल्यातरी साध्या, कोरड्या दिवशी व्हायला हवा होता.

म्हणून कुणे पुलाकडे परत येऊ. तो पूल वाचला, त्याच्या दुरुस्तीची कथा सांगण्यासारखी झालीच नाही. पण खालच्या रस्त्यानं जाणाऱ्यांवर वरून आग पडू शकते, हे त्या मंगळवारी आपल्याला कळलं. जळणारं द्रव पुलाच्या कडेवरून खाली जाऊ नये म्हणून कठडा कसा असावा, पाणी काढायच्या वाटा कुठे उघडाव्यात, असे टँकर घाटात कोणत्या वेळी सोडावेत, हेही दुरुस्तीचेच प्रश्न आहेत. मोडलेला पूल हे प्रश्न ओरडून विचारतो. न मोडलेला पूल गप्प बसतो, आणि आपण दुसऱ्या दिवशी त्याच्यावरून ऐंशीच्या वेगानं निघून जातो.

पुढच्या वेळी घाट उतरताना काचेतून जरा खाली बघा. खाली कोण आहे ते बघा. आज इथेच थांबतो.